विजेच्या दिव्यांतील लाख

घरांतील विजेचा दिवा गेला म्हणजे आपण तो काढून कानाशीं हालवून पाहतों, आंत तुटलेल्या तारेचा किणकिणाट ऐकूं आला कीं त्याचें आयुष्य संपलें असें ठरवितों, आणि त्याला केरांत टाकून नवा लावतों. ह्यापलीकडे त्या गरीब वस्तूची विचारपूस कोणी करीत नाहीं. परंतु जुन्या तऱ्हेचा एखादा दिवा फडक्यांत गुंडाळून जपून फोडला व त्याची पितळी टोपी चिमट्यानें उलगडली, तर कांच आणि पितळ ह्यांच्या मधोमध एक तपकिरी, कठीण थर हातीं लागतो. नखानें तो निघत नाहीं, पाण्यानें विरघळत नाहीं, आणि दिवा जळून गेला तरी तो आपली जागा सोडीत नाहीं. हें त्या दिव्याचें सांधण होय. तारेचा इतिहास शाळेंतील मुलांनाहि पाठ असतो; ह्या सांधणाचा इतिहास मात्र कोणी सांगत नाहीं. आणि तरीहि ज्या द्रव्यांनीं तें पिढ्यान्‌पिढ्या बनत आलें, त्यांपैकीं एक द्रव्य आपल्याच पळसाच्या व कोशिंबाच्या रानांतून उचललें जात होतें. तें द्रव्य म्हणजे लाख.

प्रथम तारेचा इतिहास थोडक्यांत सांगून टाकूं, म्हणजे सांधणाकडे वळावयास मोकळीक होईल. १८७९ च्या सुमारास अमेरिकेंत एडिसन व इंग्लंडांत स्वान ह्यांनीं कोळशाच्या तंतूचा दिवा टिकाऊ करून दाखविला. एडिसननें पुढें जपानांतील बांबूच्या कामट्या जाळून त्यांचा तंतु वापरला. परंतु कोळसा फार तापला म्हणजे उडूं लागतो, आणि त्याची काजळी कांचेच्या आंतल्या अंगास बसून दिवा काळवंडतो. म्हणून धातूंचा शोध सुरू झाला. ऑस्ट्रियांतील आउअर फॉन वेल्सबाख ह्यानें ऑस्मियम घेतला; तो दुर्मिळ आणि ठिसूळ निघाला. जर्मनींत टँटॅलमची तार आली. तिचें राज्य थोडींच वर्षें टिकलें. १९०४ मध्यें युस्ट व हानामान ह्यांनीं हंगेरींत टंगस्टनच्या तंतूचा हक्क नोंदविला. सर्व धातूंत उशिरा वितळणारा हा धातु. त्याला वितळावयास ३४२२ शतांश अंशांची उष्णता लागते. पण तोहि ठिसूळच. त्याला तापवून, ठोकून आणि ओढून लवचीक तार काढण्याची युक्ति अमेरिकेंत कूलिज ह्यानें १९१० पर्यंत साधली. १९१३ सालीं लँगम्यूरनें दिव्याच्या निर्वात पोटांत निष्क्रिय वायु भरला, त्यामुळें तारेची झीज मंदावली. ह्या कामीं नायट्रोजनाबरोबर जो आर्गन वायु पुढें रूढ झाला, तो आपल्या श्वासाच्या हवेंत जेमतेम एक टक्का असून १८९४ मध्यें रॅले व रॅम्से ह्यांना सांपडेपर्यंत त्याच्या अस्तित्वाची कोणास वार्ताहि नव्हती.

ह्या दिग्विजयाशीं आपल्या वऱ्हाड-नागपुराकडील भूमीचा संबंध अगदींच नाहीं असें नव्हे. नागपुर जिल्ह्यांत आगरगांव येथें वुल्फ्राम हें टंगस्टनचें खनिज आढळलें, आणि भूस्तरशास्त्रज्ञ फर्मर ह्यांनीं त्याविषयीं १९०८ मध्यें टिपण प्रसिद्ध केलें. भंडाऱ्याकडील डोंगरी बुजुर्गच्या खाणींतील मँगॅनीजचें खनिज कोरड्या विद्युत्‌घटांना उपयोगीं पडतें, म्हणजे खेड्यांतील माणसाच्या हातांतील बॅटरीच्या दिव्यांत तें जळत आलेलें आहे. आणि कांचेंतील लोखंडाचा हिरवटपणा घालविण्यास कांचकारागीर मँगॅनीजच वापरीत असत. तथापि हे संबंध दूरचे आहेत. आगरगांवच्या खनिजावर जगाचे दिवे पेटले, असें म्हणणें म्हणजे अभिमानाच्या भरांत सत्याला सोडणें होईल. लाखेचा संबंध मात्र तसा नाहीं. तो जवळचा, रोजचा आणि हजारों हातांचा होता.

विजेचा दिवा म्हणजे खरें पाहतां सांध्यांचा संसार आहे. कांचेंतून तार आंत न्यावयाची, पण तिच्या बाजूनें हवा आंत जाऊं द्यावयाची नाहीं, हा पहिला सांधा. तापलें असतां कांच जेवढी फुगते तेवढाच फुगणारा धातु हवा, म्हणून आरंभीं तेथें प्लॅटिनम वापरीत; पुढें निकेल व लोखंड ह्यांच्या मिश्रणावर तांब्याचें कवच चढवून काढलेल्या स्वस्त तारेनें प्लॅटिनमला घरीं बसविलें. दुसरा सांधा कांचेचा आणि टोपीचा. टोपी दिव्याला खोबणींत घट्ट धरून ठेवते, विजेचीं दोन टोकें तिच्यांतूनच आंत येतात, आणि दिवा बसवितांना व काढतांना पिळण्याचा सगळा जोर ह्याच सांध्यावर येतो. एडिसनच्या पहिल्या दिव्यांत येथें प्लास्टर ऑफ पॅरिस भरलेलें असे. तें ओल शोषून घेतें, आणि ओल शिरली कीं विजेला नको त्या वाटेनें जावयास फावतें. पुढें कारखानदारांनीं संगमरवराची बारीक पूड घेतली, तींत लाख, राळ व नंतरच्या काळांत कृत्रिम राळ मिसळली, मद्यार्कानें तें भिजवून त्याचें लुकण केलें, टोपीच्या आंतल्या कडेला तें लावलें, आणि कांच बसवून टोपी तापविली. मद्यार्क उडून गेला, लाख वितळली, कांचेला व पितळेला चिकटली, आणि भाजून कठीण झाली. कित्येक कारखान्यांत ह्या लुकणांत एक हिरवा रंग घालीत. नीट भाजलें गेलें कीं तो हिरवेपणा नाहींसा होई, आणि कामगाराला नुसत्या नजरेनें सांधा पक्का झाला हें कळे.

ह्या कामीं लाखच कां, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर लाखेच्या स्वभावांत आहे. झाडांच्या बहुतेक राळा तापविल्या म्हणजे मऊ होतात, निवाल्या म्हणजे कठीण होतात, आणि पुन्हा तापविल्या म्हणजे पुन्हा मऊ होतात. लाखहि सुमारें पाऊणशें शतांश अंशांवर पाघळते. परंतु तिला अधिक वेळ, अधिक उष्णतेवर ठेवली तर तिच्या अंतरंगांत बदल होतो. मग ती वितळत नाहीं व मद्यार्कांत विरघळतहि नाहीं. म्हणजे लावतांना मेणासारखी नरम आणि भाजल्यावर दगडासारखी हट्टी, असे दोन गुण तिच्या ठायीं एकत्र नांदतात. कांचेला ती चिकटते, धातूला चिकटते, आणि विजेला वाट देत नाहीं. विजेच्या यंत्रांतील तारांवर तिचेंच रोगण देत; अभ्रकाचे पापुद्रे तिनेंच जोडून त्यांचे तक्ते करीत. विजेच्या युगाला असें द्रव्य पाहिजेच होतें, आणि तें हिंदुस्थानच्या रानांत एक किडा शतकानुशतकें तयार करीत होता.

हा किडा उवेएवढा म्हणावा तर तेवढाहि नसतो. पिलें बाहेर पडलीं म्हणजे तांबड्या धुळीसारखीं डहाळ्यांवर पसरतात, कोंवळी साल पाहून तींत सोंड खुपसतात, आणि तेथेंच जन्माचीं खिळून राहतात. झाडाचा रस पीत ह्या किड्याची मादी आपल्या अंगाभोंवतीं राळेचें कवच घडविते. शेजारणींचीं कवचें एकमेकांस मिळून डहाळीवर जाड खपली चढते. रंगीनी आणि कुसुमी अशा ह्या किड्याच्या दोन जाती मानतात. रंगीनीला पळस व बोर मानवतात; तिचीं पिकें बैसाखी आणि कतकी. कुसुमीला कोशिंब मानवतो; तिचीं पिकें जेठवी आणि अगहनी. कुसुमी लाख फिकट रंगाची व अधिक मोलाची. पीक घ्यावयाचें म्हणजे बी असलेल्या डहाळ्या नव्या झाडाला बांधावयाच्या, किडा पसरला कीं त्या काढून घ्यावयाच्या, आणि सुमारें सहा महिने ऊन, पाऊस, मुंग्या व लाख खाणाऱ्या अळ्या ह्यांच्यावर लक्ष ठेवावयाचें. उन्हाचा कडाका अधिक झाला तर बैसाखीचा किडा झाडावरच मरतो, आणि मग त्या वर्षीं पिकाबरोबर पुढचें बीहि जातें.

वैनगंगेच्या पूर्वेकडील मुलूख ह्या पिकाला सोयीचा. तलावांच्या कांठीं भात, बांधांवर व पडींत पळस, आणि त्यापलीकडे देवरी, सालेकसा, अर्जुनी ह्या बाजूचें दाट रान. हा सर्व प्रदेश पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. १ मे १९९९ पासून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. गोंदिया ह्या नांवाची उपपत्ति गोंड लोकांवरून सांगतात, आणि ते रानांतून विकावयास आणीत त्या गोंदावरून, म्हणजे डिंकावरूनहि सांगतात. ह्यांतील खरी कोणती हें भाषाशास्त्रज्ञांनीं ठरवावें. पण दोन्ही उपपत्ति एकाच बाजाराकडे बोट दाखवितात. बंगाल-नागपुर रेल्वेचा हमरस्ता गांवावरून गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं सातपुड्यांतून जबलपुराकडे जाणारी लहान रुळांची शाखा येथें येऊन मिळाली. त्यामुळें बालाघाटापासून चांद्यापर्यंतच्या रानाचा माल ह्या जंक्शनावर जमूं लागला. मध्यप्रांतांत लाखेचे कारखाने ज्या मोजक्या गांवीं उभे राहिले त्यांत गोंदिया होतें, आणि आजहि महाराष्ट्रांत लाखेचा विचार करावयाचा तर ह्या जिल्ह्याचें नांव प्रथम घ्यावें लागतें.

हातानें चालणाऱ्या कारखान्यांत लाखेवर जे संस्कार होत ते पाहण्यासारखे असत. डहाळीवरून खरवडलेली लाख प्रथम कुटीत. मग दगडी कुंडांत पाणी घालून पायांनीं तुडवीत, तेव्हां तांबडें पाणी निघून जाई आणि दाणे स्वच्छ होत. हे दाणे लांबलचक अरुंद कापडी पिशवींत भरून ती कोळशाच्या भट्टीपुढें धरीत. एक जण भट्टीसमोर बसे, दुसरा दूरच्या टोकाला पिशवी पिळीत राही, आणि वितळलेली लाख कापडाच्या छिद्रांतून पाझरे. ती ऊन पाण्याच्या नळकांड्यावर पसरून तिचा तक्ता करीत, आणि तो गरम असतांनाच तिसरा कारागीर हातांनीं, पायांच्या अंगठ्यांनीं आणि दातांनीं धरून तो ताणी, इतका कीं तो पातळ कागदासारखा पारदर्शक होई. ह्यालाच चपडा म्हणतात. पिवळी झांक यावी म्हणून कधीं त्यांत हरताळ घालीत, आणि हरताळ म्हणजे सोमलाचा भाऊबंद! लंडनच्या वखारींत जो माल सोनेरी पापुद्र्यासारखा झळके, त्याच्यामागें भट्टीची धग आणि माणसाचे दात होते, हें तेथील किती व्यापाऱ्यांस ठाऊक असेल?

लाखेची ओळख आपल्या लोकांस विजेनें करून दिली नाहीं. पांडवांना जाळण्यासाठीं बांधलेलें लाक्षागृह लहान मुलांनाहि माहीत आहे. पत्राला लाखेची मोहर करीत म्हणून मोहरबंद पत्राला आपण लाखोटा म्हणतों. सोनार पोकळ दागिन्यांत लाख भरतो. सावंतवाडीचीं रंगीत लांकडी खेळणीं लाखेच्या रंगानें झळकतात. आणि लाखेच्या बांगड्या करणाऱ्या लखेऱ्यांची स्वतंत्र जात रसेल ह्यांनीं मध्यप्रांताच्या जातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथांत नोंदविली आहे. परंतु ह्या सर्व उपयोगांचा बाजार जवळचा होता. घेणारा आणि देणारा एकमेकांस ओळखीत, आणि बांगडी फुटली तर नवी करावयास तोच लखेरा दारीं येई.

दूरच्या बाजाराची गोष्ट वेगळी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपला लाख हवी झाली ती तिच्या राळेसाठीं नव्हे, तर तिच्या तांबड्या रंगासाठीं. लोंकरीचें लाल कापड रंगविण्यास हा रंग महाग कोचिनीलच्या जागीं चाले. त्या काळीं रंग हा धंदा, आणि राळ ही जोडीला मिळणारी वस्तु. १८५६ सालीं पर्किनला डांबरापासून कृत्रिम रंग सांपडला, त्याच्यामागून आणखी रंग आले, आणि १८७० नंतर लाखेच्या रंगाचा व्यापार ओसरत जाऊन संपला. ज्या तांबड्या पाण्यासाठीं पूर्वीं लाख धुवीत, तेंच पाणी आतां घाण म्हणून गटारांत सोडूं लागले. धंदा बुडाला नाहीं, कारण तोंवर राळेला मागणी आली होती. पण ती आली हा योगायोग होता. ती न येती तर पळस तोडून जाळण्यापलीकडे त्याचें काय झालें असतें?

ही दुसरी लाट पहिलीपेक्षां मोठी होती. लांकडावरचें फ्रेंच पॉलिश, टोप्यांना येणारा ताठरपणा, विजेचीं रोगणें, दिव्यांच्या टोप्या, आणि सर्वांवर मात करणारी ग्रामोफोनची तबकडी. १८९० नंतरच्या दशकांत बर्लिनरनें तबकडीसाठीं लाखेचें मिश्रण घेतलें, आणि पुढें अर्धें शतक सर्व जगाचें गाणें लाखेवर कोरलें गेलें. आमच्या आजोबांनीं बालगंधर्वांचा आवाज ज्या काळ्या तबकड्यांवरून ऐकला, त्या तबकड्यांना बांधून धरणारें द्रव्य पळसावरच्या किड्याचें होतें. दिव्याच्या टोपींत लागणारी लाख तबकडीच्या मानानें थोडी, चिमूटभर. परंतु तबकडी चैनीची आणि दिवा गरजेचा. शिवाय दिवा जळून जातो आणि पुन्हा घ्यावा लागतो.

मात्र ह्याच काळांत प्रतिस्पर्धीहि जन्मास आला. बेकलंड ह्यानें १९०७ मध्यें बेकेलाइट तयार केलें तें लाखेला पर्याय शोधण्याच्या खटपटींतूनच. हिंदुस्थानांतून येणारी लाख कधीं महाग, कधीं स्वस्त, कधीं भेसळीची. प्रयोगशाळेंतील राळ मात्र मागाल तेव्हां, मागाल तशी. दिव्याच्या लुकणांत ह्या दोघी कांहीं काळ एकत्र नांदल्या, आणि हळूहळू एकीनें दुसरीला बाजूस सारलें. हिंदुस्थानांत ह्याची दखल कोणी घेतली नाहीं असें नाहीं. रांचीजवळ नामकुम येथें १९२४ मध्यें लाखेच्या संशोधनाची संस्था निघाली, आणि १९३० च्या लाख उपकर कायद्यानें तिच्या खर्चाची सोय झाली. परंतु बाजारभाव नामकुमला ठरत नव्हता, गोंदियालाहि नव्हता. तो कलकत्ता व लंडन येथें ठरत होता. १९३५ सालीं लंडनमधील एक पेढी मिरी व लाख ह्यांच्या सट्ट्यांत बुडाली. पळसाखालीं बसलेल्या माणसाला सट्टा हा शब्दहि ठाऊक नसेल, पण त्या सट्ट्याच्या भरती-ओहोटीनेंच त्याच्या टोपलीची किंमत ठरत होती.

पुढचें थोडक्यांत सांगतां येईल. दुसऱ्या महायुद्धांत लाखेचा तुटवडा इतका झाला कीं १९४२ मध्यें अमेरिकन सरकारनें तबकड्यांसाठीं तिच्या वापरावर निर्बंध घातले. टंचाईनें भाव चढतो खरा, पण टंचाईनेंच गिऱ्हाईक दुसरी वाट धरतें. १९४८ सालीं व्हिनाइलची दीर्घ तबकडी आली, आणि दहापंधरा वर्षांत लाखेची तबकडी माळ्यावर गेली. दिव्याची टोपी आणखी कांहीं काळ टिकली. मग तारेच्या दिव्यावरच संक्रांत आली. निळा प्रकाश देणाऱ्या गॅलियम नायट्राइडच्या दिव्यासाठीं आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. जानेवारी २०१५ मध्यें भारत सरकारनें उजाला योजना काढून एलईडी दिवे घरोघर स्वस्तांत पोंचविले. ह्या नव्या दिव्यांत टंगस्टनची तार नाहीं, आर्गनची गरज नाहीं, आणि टोपी प्लास्टिकच्या देहावर नुसती चेपून बसवितात. सांधणाचें कामच उरलें नाहीं.

ह्याबद्दल शोक करावा काय? नवा दिवा थोड्या विजेंत अधिक प्रकाश देतो, आणि ज्या खेड्यांत मुलें कंदिलाच्या धुरांत डोळे चोळीत अभ्यास करीत, तेथें तो लागतो, हें मोठें सुख आहे. जुन्या वस्तूंच्या प्रेमानें हें सुख नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. लाखेलाहि नवे आश्रयदाते मिळाले आहेत: औषधाच्या गोळ्यांवरचें वेष्टण, फळांना टिकाऊपणा देणारा लेप, सुगंधी द्रव्यांच्या कामीं येणारें अ‍ॅल्युरिटिक आम्ल. तेव्हां लाख मरत नाहीं. दोनदां गळून ती दोनदां उभी राहिली, तशी तिसऱ्यांदाहि राहील.

परंतु मला प्रश्न पडतो तो लाखेचा नाहीं, लाख काढणाऱ्याचा आहे. रंग गेला तेव्हां तो कां गेला हें त्याला कोणी सांगितलें नाहीं. तबकडी आली तेव्हां ती त्यानें पाहिली नव्हती. दिव्याच्या टोपींत आपल्या झाडाचा अंश आहे हें त्याला ठाऊक नव्हतें, आणि तो दिवा त्याच्या झोंपडींत लागावयास पुढें कित्येक दशकें जावयाचीं होतीं. कोणत्या दिव्यांत कोणत्या रानाची लाख बसली हें आज कोणालाच सांगतां येणार नाहीं, कारण बाजारांत सर्व लाख एकत्र होते आणि तिचें मूळ गांव पुसलें जातें. जो कारखानदार ती घेतो त्याला पर्याय असतो. प्रयोगशाळा त्याच्या हाताशीं असते. ज्याच्या उपजीविकेचा एक भाग त्या पळसावर लटकलेला असतो त्याला पर्याय नसतो, आणि बदलाची बातमी त्याला भाव पडल्यावरच कळते. नव्या उपयोगांचें स्वागत करतांना एवढी एक गोष्ट जर ह्या खेपेस वेगळी करतां आली, म्हणजे माल कोठें जातो, कशासाठीं जातो आणि त्याला पर्याय कोणता येऊं घातला आहे, हें पिकविणाऱ्याला वेळेवर कळलें, तर दोनदां झालेला तोच अनर्थ तिसऱ्यांदा त्याच माणसावर कोसळणार नाहीं. ह्यासाठीं नव्या शोधाची गरज नाहीं. विकणाऱ्यांनीं संघटित होऊन विकण्याची आणि शिकलेल्यांनीं त्यांना हिशेब समजावून सांगण्याची आहे.

विजेच्या दिव्याच्या इतिहासांत तारेचें नांव राहील, आणि तें राहणें योग्यहि आहे. प्रकाश तीच देत होती. पण तिला आणि तिच्या कांचेला धरून ठेवणारें कोणी तरी होतें. जुना दिवा फोडून पाहिला तर तो तपकिरी थर अजून तेथेंच असतो.